‘डॉक्टर’ म्हणावे कोणाला?

बंगळूर शहरातील राजाजीनगर भागातून जाणाऱ्या एका हमरस्त्याला ‘डॉ. राजकुमार रस्ता’ असे नाव आहे. परगावाहून आलेल्या माणसाला ती पाटी वाचून वाटावे, की हे कोणी नामांकित शल्यविशारद असावेत. वस्तुतः राजकुमार हे कन्नड रजतपटावरील थोर नट. शाळेशी त्यांचा संबंध बालपणीच सुटला. त्यांचे खरे शिक्षण झाले ते नाटकमंडळीत. १९७६ साली म्हैसूर विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट अर्पण केली, आणि लोकांनी ती त्यांच्या नावाशी अशी जोडून टाकली, की २००६ साली ते निवर्तल्यावरही ती सुटली नाही. आज या शहरात नुसते ‘राजकुमार’ म्हणणे अनेकांना अपुरे वाटते.

याच शहरात १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. जुने लोक तिला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तेथून दरवर्षी कितीतरी तरुण-तरुणी पीएच. डी. होऊन बाहेर पडतात. संस्थेजवळच्या मल्लेश्वरमसारख्या वस्तीत एकाच इमारतीच्या दाराशी चार ‘डॉ.’ असलेल्या पाट्या दिसाव्यात, ही काही अशक्य गोष्ट नव्हे. समजा, त्यांतील एक पदार्थविज्ञानाचे, दुसरे दातांचे, तिसरे गुरांचे आणि चौथ्या बाई व्यायाम व मर्दन यांनी सांधे मोकळे करणाऱ्या, म्हणजे फिजिओथेरपिस्ट आहेत. मध्यरात्री एखाद्या घरी म्हातारबाबांच्या छातीत कळ आली आणि घरची सून धावत खाली उतरली, तर तिने कोणते दार ठोठवावे? चारही पाट्यांनी तिला एकच शब्द सांगितला आहे, आणि तिला ज्याची नड आहे तेवढेच नेमके सांगितलेले नाही.

‘डॉक्टर’ ही उपाधी लावण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अशा वेळी पंडितांचा राहत नाही, तो घरादाराचा होतो.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत ‘शिकवणे’ या अर्थाचे एक क्रियापद आहे. त्यापासून हा शब्द निघाला. मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत धर्मशास्त्र, विधिशास्त्र आणि वैद्यक या विषयांत पारंगत होऊन इतरांना शिकविण्याची योग्यता ज्याने मिळविली, तो डॉक्टर. आपल्याकडील ‘आचार्य’ या शब्दाशी त्याचे नाते ‘वैद्य’ या शब्दापेक्षा जवळचे आहे. तेव्हा विद्वानांनी वैद्यांची उपाधी पळविली, असे जे कधी कधी ऐकू येते, ते इतिहासाला धरून नाही. उपाधी मुळात अध्यापकांची. वैद्य हे तिचे अनेक मानकऱ्यांपैकी एक.

इंग्लंडात तर मौज अशी, की तेथील शल्यविशारद स्वतःला ‘मिस्टर’ म्हणवून घेतात. पूर्वी शस्त्रक्रिया करणारे लोक न्हाव्यांच्या संघात मोडत. विद्यापीठाची पदवी असे ती केवळ औषध देणाऱ्या वैद्याजवळ. पुढे शस्त्रवैद्यांची प्रतिष्ठा वाढली. पण कधीकाळी हिणवण्यासाठी असलेले ‘मिस्टर’ त्यांनी अभिमानाने जपून ठेवले. जर्मनीत याच्या उलट कडक शिस्त आहे. प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविल्यावाचून वैद्यालाही तेथे ही उपाधी लावता येत नाही, आणि ती खोटी लावणे हा फौजदारी गुन्हा आहे.

मग आपल्याकडे वैद्यक शिकलेला प्रत्येकजण डॉक्टर कसा झाला? मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. १८५१ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड होते. त्यांच्या पदवीचे नाव होते ‘ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज’. तीत ‘डॉक्टर’ हा शब्द कोठेही नाही. तरी लोकांनी त्यांना डॉक्टर म्हटले आणि भायखळ्याच्या संग्रहालयावर आजही ‘डॉ. भाऊ दाजी लाड’ असेच नाव आहे. पुढे एल. एम. अँड एस., एल. सी. पी. एस. आणि एम. बी. बी. एस. अशा पदव्या व पदविका आल्या. यांतील शेवटची पदवीदेखील नावाप्रमाणे ‘बॅचलर’चीच आहे. म्हणजे गावोगावच्या डॉक्टरांना ही उपाधी विद्यापीठाने दिली नाही. ती दिली रोग्यांनी, विश्वासापोटी. आपल्या भाषेने तर पुढची मजल मारली, आणि डॉक्टरांच्या पत्नीलाही ‘डॉक्टरीणबाई’ करून टाकले!

याच महाराष्ट्राने या उपाधीची दुसरी परंपराही तितक्याच आदराने सांभाळली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली. ज्ञानकोशकार केतकरांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहून ती मिळविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया आणि लंडन अशा दोन विद्यापीठांच्या डॉक्टरेट अभ्यासाने संपादन केल्या. डॉ. राधाकृष्णन यांची विद्यापीठीय परीक्षा एम. ए.पर्यंतची, डॉक्टरेट त्यांना सन्मान म्हणून मिळाल्या. यांपैकी एकाच्याही दाराशी कोणी ताप मोजून घेण्यास गेले नाही आणि कोणाची फसवणूकही झाली नाही. कारण ते कशाचे डॉक्टर, हे साऱ्या जगास ठाऊक होते.

येथे या प्रश्नाची खरी गाठ आहे. उपाधी कोणाची, यापेक्षा उपाधी वाचून समोरचा माणूस काय समजतो, हे महत्त्वाचे. आणि जो समजतो तो आजारी असेल, भ्यालेला असेल, तर त्याच्या समजुतीची जबाबदारी उपाधी लावणाऱ्यावर येते.

ही जबाबदारी झुगारल्याने काय होते, हे मुंबईच्या एका खटल्यात दिसले. १९९२ सालच्या पावसाळ्यात एका गृहस्थास ताप आला. त्याने ज्यांचे औषध घेतले, त्यांची पदविका होमिओपॅथीची होती. परंतु त्यांनी औषधे दिली ती ॲलोपॅथीची, आधी विषाणुजन्य तापावरची आणि मग विषमज्वरावरची. प्रकृती ढासळत गेली, रोग्याला रुग्णालयात हलविले, पण तो वाचला नाही. त्याच्या पत्नीने दाद मागितली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली, तरी ती थांबली नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्या पद्धतीचे ज्ञान आपणास नाही त्या पद्धतीने उपचार करणारा मनुष्य हा त्या पद्धतीपुरता भोंदूच होय, आणि असे उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय. तिला तीन लाख रुपये भरपाई मिळाली. ज्या घरातला कर्ता पुरुष गेला, त्या घराला या रकमेने काय परत मिळाले असेल, ते सांगावयास नको.

या निकालाने होमिओपॅथीला कमी लेखलेले नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. दोष शास्त्राचा नव्हता; एका शास्त्राची पाटी लावून दुसऱ्या शास्त्राची औषधे देण्याचा होता. महाराष्ट्र शासनाने २०१४ साली कायदा दुरुस्त करून होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी आधुनिक औषधशास्त्राच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट मोकळी केली. त्यांची नोंद वैद्यक परिषदेत करावी की नाही, यावरून वाद पेटला आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवले. तो वाद उपचाराच्या अधिकाराचा आहे. उपाधीचा वाद त्याच महिन्यात दिल्लीत झाला. फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असे पत्र आरोग्यसेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबरला काढले, आणि दुसऱ्याच दिवशी, अधिक विचार व्हावा म्हणून, ते मागे घेतले. एका अक्षराने सरकारचीही अशी ओढाताण केली!

कायदा काय सांगतो? आपल्याजवळ पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी आहे असे खोटे भासविणारी उपाधी लावणे हा १९१६ च्या वैद्यकीय पदव्यांच्या कायद्यान्वये गुन्हा आहे. त्यासाठी ठरलेला पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे अडीचशे रुपये, जो १९१६ साली भारी होता आणि आज हास्यास्पद आहे. नोंदणी नसताना वैद्यकी करणाऱ्यास राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने एक वर्षापर्यंत कैद अथवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, सांगितले आहेत. तथापि ‘डॉक्टर’ हा शब्द अमक्याचाच, असे म्हणणारे कलम त्या कायद्यात नाही. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने राज्यसंस्थेस किताब देण्याची मनाई केली. मात्र लष्करी आणि विद्याविषयक बहुमान त्यातून वगळले. पदवी देण्याचा अधिकारही, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याप्रमाणे, रीतसर विद्यापीठांना व संसदेने ज्यांस तो दिला अशा संस्थांनाच आहे. तेव्हा पैसे मोजून, शाल-श्रीफळासह एखाद्या सभागृहात मिळणारी कोणा अनोळखी ‘विश्वविद्यालया’ची डॉक्टरेट ही उपाधी नव्हे, ती केवळ छापील कागद होय.

आता मताचे बोलू. फिजिओथेरपिस्ट चार-साडेचार वर्षे शिकतात. अर्धांगाने लुळा पडलेला हात पुन्हा चहाचा पेला धरू लागतो, त्यामागे त्यांचे परिश्रम असतात. दंतवैद्य, पशुवैद्य, आयुर्वेदाचे पदवीधर यांचीही वर्षे पुस्तकांत आणि रुग्णालयांतच जातात. आदर हवा, ही त्यांची मागणी रास्त आहे. आदर नाकारला जाण्याचे दुःख काय असते, ते रुग्णालयातील तरुण स्त्री-डॉक्टरांना विचारावे. गळ्यात स्टेथोस्कोप असूनही रोग्याचे नातेवाईक त्यांना ‘सिस्टर’ म्हणतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला ‘डॉक्टरसाहेब’! आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात एम. डी. झाल्या; त्यानंतर इतका काळ लोटूनही ही सवय गेलेली नाही. ज्यांनी उपाधी मिळविली त्यांना ती तोंडभरून द्यावी, हे पहिले कर्तव्य आपणा सर्वांचे आहे.

परंतु आदर आणि ओळख या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्या वैदिकांत ‘घनपाठी’ ही उपाधी आहे. ती ऐकताच या गृहस्थाने नेमके काय पाठ केले आहे, हे जाणकाराला कळते. ‘डॉक्टर’ या शब्दाने आज तसे कळत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की सभेत, ग्रंथावर, विद्यापीठात ही उपाधी विद्वानाने निःसंकोच लावावी. तो तिचा मूळचा धनी आहे. दवाखान्यात मात्र ती एकटी लावता कामा नये. तेथे तिच्यापाठोपाठ, तितक्याच ठळक अक्षरांत आणि रोग्याच्या भाषेत, ‘दातांचे’, ‘आयुर्वेदाचे’, ‘सांधे व स्नायूंच्या व्यायामोपचाराचे’ असे शब्द आले पाहिजेत. इतके करण्यास जो कचरतो, त्याला आदर नको असून गैरसमज हवा आहे, असे म्हणावे लागेल. सन्मान्य डॉक्टरेट मिळालेल्यांनी ती नावाआधी लावू नये, हा अनेक विद्यापीठांचा संकेत चांगला आहे. राजकुमारांसारख्यांना लोकांनीच प्रेमाने ती चिकटविली, तो भाग निराळा.

या दिशेने कर्नाटकाने एक पाऊल टाकले आहे. खाजगी दवाखान्यांची नोंदणी तेथे २००७ च्या कायद्याने होते. २०२४ साली शासनाने सांगितले, की दवाखान्याचे नाव, मालकाचे नाव आणि नोंदणी क्रमांक दर्शनी पाटीवर असावा. ॲलोपॅथीची पाटी निळ्या रंगाची असावी व आयुर्वेदाची हिरव्या. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही रंग कळतो. उपाधीच्या वादात रोग्याची इतकी आठवण फार थोड्यांनी ठेवली आहे.

पाटी कितीही बोलकी झाली, तरी विचारण्याचे काम आपलेच आहे. नव्या दवाखान्यात पाऊल टाकाल तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. नावापुढे पदवी कोणती आहे. नोंदणी क्रमांक लिहिला आहे काय. आणि दिलेले औषध त्याच शास्त्राचे आहे काय. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधचिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवर लिहावा, असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. चिठ्ठीवर तो नसेल तर नम्रपणे विचारावे. ज्याने खरोखर अभ्यास केला आहे, त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. आणि ज्याला राग येईल, त्याचे औषध घेण्यापूर्वी घरातल्या जाणत्या माणसाशी दोन शब्द बोलावेत.