टब कुठला? सुटा की बांधलेला?

गेल्या वीकएंडला आमच्या घरात महायुद्ध पेटलं. कारण काय, तर हॉट टब!

दादा साताऱ्यात घर बांधतोय. तळमजल्यावर जमिनीत बांधलेला, टाइल्सवाला स्पा करायचा त्याचा प्लॅन. आईचे गुडघे दुखतात, गरम पाण्यात तिला बरं वाटतं, हे त्याचं ऑफिशियल कारण. सांगलीतून बाबांचा बाउन्सर, ‘‘त्यासाठी सातारा कशाला? इथं एक सुटा टब आणून टाकू की!’’ आणि दोघांचेही फोन मलाच. ‘‘तू पेपरात लिहितेस ना, मग सांग.’’

बॉस, मी सरळ हिशोब मांडला. सुटा टब म्हणजे रेडीमेड मामला. पंप, हीटर सगळं आतच. इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या, पाणी भरा, चालू करा. घर बदललं की टबही ट्रकमध्ये. तुमच्या-माझ्यासारख्या भाडेकरूंना हाच बरा. बांधलेला स्पा दिसतो झक्कास, पण खोदकाम, वॉटरप्रूफिंग, पंपाला वेगळी जागा असा सगळा पसारा. खर्च जास्त, आणि उद्या पाइप गळला तर फरशी फोडायची तयारी ठेवा.

लाइट बिल कुणालाच चुकत नाही. हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 38 वर न्यायला साधारण 15 युनिट जातात. वर झाकण नसेल तर ऊब उडून जाते, ते वेगळंच. पाणी 40 अंशांच्या वर न्यायचं नाही, आणि बीपी किंवा हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

स्कोअर बाबांच्या बाजूने झुकत होता. तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘टब वरच्या मजल्यावर ठेवू.’’ त्यांचं कारण मला माहितीये. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. 2021 ला पुन्हा तेच. तेव्हापासून आमचा फ्रीजसुद्धा वर राहतो. पण हजार लिटर पाणी म्हणजे अख्खा एक टन! अडीच फूट पाणी भरलं की दर चौरस मीटरवर साडेसातशे किलो. घराचा स्लॅब साधारणपणे दोनशे किलोंचा वापर धरून डिझाइन करतात. म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय वर टब ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. खाली पूर, वर स्लॅब. बाबा गप्प.

मग आईने फोन घेतला. ‘‘अगं, त्या सुट्या टबाची भिंत कंबरेएवढी. त्यात मी चढणार कशी, हे कुणी विचारलंत का?’’

आम्ही तिघंही क्लीन बोल्ड! बांधलेल्या स्पाला पायऱ्या आणि धरायला कठडा करता येतो. गुडघेदुखीवाल्याला तोच सोयीचा.

‘‘पावसाळ्यात आम्ही साताऱ्याला जाऊ,’’ आईने निकाल दिला. ‘‘दिवाळीला सांगलीत परत. इथं माझा तांब्याचा बंब आहे.’’

खरा वाद टबाचा नव्हताच. आई-बाबांनी आपल्याकडे यावं, हे दादाला सरळ बोलता येत नव्हतं, आणि सांगली सोडवत नाही, हे बाबांना.

रात्री दादाचा मेसेज आला. बाबांचा त्याला फोन होता. एकच प्रश्न, ‘‘पायऱ्या किती उंचीच्या करणार आहेस?’’