तीन वर्षं आणि सव्वीस वर्षं

मगरपट्ट्यात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हडपसर म्हणजे ट्रॅफिक, मॉल आणि महागडे फ्लॅट एवढंच माहीत असतं. पण आपले काचेचे टॉवर उभे राहायच्या कितीतरी आधीपासून इथे इंडस्ट्रियल इस्टेट आहे. १९५८ साली स्थापन झालेली किर्लोस्कर न्युमॅटिक तिथलीच. अशा कारखान्यांच्या मेंटेनन्स खात्यात उभी हयात घालवलेली माणसं आपल्या आजूबाजूला राहतात. माझं म्हणणं असं, की यांतल्या काहींनी तरी आयटीआयमध्ये शिकवायला जावं, आणि आपण त्यांची वाट सोपी करावी.

का? कारण मेंटेनन्सवाला म्हणजे मुळात डीबगर. (आपल्या भाषेत प्रॉडक्शन सपोर्ट, तोही कायमचा रात्रपाळीचा!)

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये २६ वर्षं काढून व्हीआरएस घेतली आणि आता एका खाजगी आयटीआयमध्ये शिकवतात. एरवी काय होतं? पोरं पुस्तकातली आकृती बघून मोटर स्टार्टर जोडतात, मोटर फिरते, जर्नलवर सही मिळते, विषय संपला. काका त्यानंतर पॅनेलमधली एक वायर गुपचूप ढिली करून ठेवतात. आता स्टार्टचं बटण दाबून धरलं तर मोटर फिरते, सोडलं की बंद! पोरं आधी मोटरलाच शिव्या घालतात. मग बटण तपासतात. शेवटी कधीतरी कॉन्टॅक्टरच्या होल्डिंग कॉन्टॅक्टपर्यंत पोचतात. बटण सोडल्यावरही कॉइलचा सप्लाय चालू ठेवणारा तो कॉन्टॅक्ट, त्याचीच वायर सुटलेली असते.

किंवा ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतोय. नवखा माणूस सेटिंग वाढवतो आणि मोटर जाळतो. जाणकार क्लॅम्प मीटर घेऊन तिन्ही फेजचा करंट बघतो, बेअरिंग जाम आहे का ते बघतो. नुसत्या आकृतीतून हे येत नाही.

आता नियम बघा. आयटीआयच्या निदेशकासाठी पदवी असेल तर १ वर्षाचा अनुभव लागतो, डिप्लोमा असेल तर २ आणि आयटीआयचंच सर्टिफिकेट असेल तर ३. त्याशिवाय सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीचा एक वर्षाचा कोर्स. म्हणजे पात्रतेपुरतं बोलायचं तर ३ वर्षंवाला आणि २६ वर्षंवाला एकाच रांगेत!

त्या कोर्सला माझा विरोध नाही, बरं का. उत्तम फिटर उत्तम मास्तर असतोच असं नाही. हाताला कळलेलं तोंडाने सांगता येणं ही वेगळी विद्या आहे. काहींचा तर पोरांवर खेकसण्यातच तास जायचा. पण घरी शिकणारी मुलं आणि फ्लॅटचा हप्ता असताना पन्नाशीच्या माणसाने वर्षभर पगार सोडून वर्गात बसायचं, आणि पुढे काम मिळणार ते बऱ्याचदा तासिका तत्त्वावर! काकांना ते जमलं कारण काकूंची नोकरी होती. ज्यांच्या घरी दुसरा पगार नाही, त्यांनी काय करावं?

मला विचाराल तर उपाय फार अवघड नाही. कारखान्यांनी निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या माणसांना आठवड्यातून एक दिवस पगारी आयटीआयमध्ये पाठवावं. शिकवायचं कसं, हे त्यांना संध्याकाळच्या वर्गांतून शिकवावं. आणि नेमणूक करताना ३ वर्षांपुढच्या अनुभवालाही पैशात किंमत द्यावी. कारखान्यांचाही यात फायदाच आहे, कारण हीच पोरं उद्या अप्रेंटिस म्हणून त्यांच्याच दारात येणार.

आपल्याकडे सीनियर माणूस कंपनी सोडतो तेव्हा महिनाभर नॉलेज ट्रान्सफर चालतं, विकीची पानं भरली जातात. मशीनचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय हे सांगणारा माणूस मात्र शाल-श्रीफळ घेऊन गेटबाहेर पडतो, आणि त्याच्याबरोबर ते सगळं ज्ञानही. हे परवडणारं नाही.