परिचारिकेला वगळून केलेला कायदा

वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा तिचे बहुतेकांनी स्वागतच केले. विशिष्ट प्रवर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, 'विवाहित स्त्री व तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री व तिचा जोडीदार' हे शब्द आले, गोपनीयतेचे बंधन कडक झाले. या स्वागताच्या गजरात एक गोष्ट मात्र विस्मरणात गेली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर केलेल्या मसुद्यात 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' या संज्ञेऐवजी 'नोंदणीकृत आरोग्यसेवा प्रदाता' अशी व्यापक संज्ञा योजली होती आणि तीत आयुर्वेद, युनानी, सिद्ध व होमिओपॅथीच्या पदवीधरांसह परिचारिका आणि सहायक परिचारिका यांचाही समावेश होता. इंडियन मेडिकल असोसिएशनने कडाडून विरोध केला. पुढे संसदेत जे विधेयक आले त्यात ही तरतूद नव्हती. गर्भपात कोणी करावा, हा प्रश्न संसदेच्या निर्णयाला आलाच नाही.

मूळ कायद्याची पायाभरणी शांतिलाल शाह समितीच्या १९६६ च्या अहवालाने केली. शाह हे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री. कायदा १९७१ साली झाला तेव्हा गर्भपात म्हणजे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया म्हणजे डॉक्टर, हे समीकरण निर्विवाद होते. मिफेप्रिस्टोन या औषधाला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि हे समीकरण मोडले. सुरुवातीच्या आठवड्यांतील गर्भपात आता दोन औषधांच्या गोळ्यांनी होतो. २०२१ च्या नियमांनी नऊ आठवड्यांपर्यंतच्या औषधी गर्भपातासाठी डॉक्टरच्या अनुभवाची अट सौम्य केली खरी. पण ती अट डॉक्टरसाठीच राहिली.

प्रत्यक्षात काय चालते? मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पॉप्युलेशन कौन्सिल आणि गुटमाकर इन्स्टिट्यूट यांच्या संयुक्त अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. रुग्णालय वा दवाखान्यात झालेले जेमतेम २२ टक्के. ७३ टक्के गर्भपात आरोग्यकेंद्राबाहेर, गोळ्या घेऊन झाले. याचा अर्थ उघड आहे. कायद्याने परिचारिकेला दारातून परतवले आणि तिची जागा औषध दुकानाच्या काउंटरने घेतली. गर्भ किती आठवड्यांचा आहे, तो गर्भाशयाबाहेर तर नाही ना, रक्तस्राव किती झाला म्हणजे रुग्णालय गाठावे, हे दुकानातला विक्रेता विचारत नाही. ते त्याचे कामही नव्हे.

विरोधकांच्या हाती दोन प्रभावी दाखले आहेत आणि ते नजरेआड करता येणार नाहीत. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण सापडले. अटक झालेल्या डॉक्टरची पदवी होमिओपॅथीची होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये बंगळुरूच्या बैयप्पनहळ्ळी पोलिसांनी लिंगनिदानाची टोळी उघडकीस आणली. मंड्य़ाकडच्या एका गुऱ्हाळात सोनोग्राफी आणि म्हैसूरच्या खासगी रुग्णालयात गर्भपात, अशी विभागणी. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सुमारे ९०० गर्भपात. प्रकरण पुढे सीआयडीकडे गेले. परंतु या दोन्ही प्रकरणांतला गुन्हा सोनोग्राफी यंत्रापासून सुरू होतो. गर्भाचे लिंग सोनोग्राफीत साधारण बाराव्या आठवड्यानंतरच दिसू लागते. नऊ आठवड्यांच्या आत गोळ्या देणाऱ्या परिचारिकेचा त्या धंद्याशी संबंध कसा जोडायचा? शिवाय बंगळुरूच्या प्रकरणात डॉक्टरही आरोपी होतेच. पदवीने सचोटीची हमी मिळत असती, तर लिंगनिदानविरोधी कायद्याची गरजच पडली नसती.

२०१४ च्या मसुद्याची खरी चूक वेगळी होती. त्याने सरकारी परिचारिका आणि खासगी दवाखाना थाटलेला होमिओपॅथ यांना एकाच गाठोड्यात बांधले. परिचारिका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणि पगारावर काम करते. दुसऱ्याच्या बाबतीत यांपैकी एकही अंकुश नाही. म्हैसाळनंतर त्या गाठोड्याला राजकीय भवितव्य उरले नाही, आणि परिचारिकाही त्यातच गेली. वास्तविक बिहार-झारखंडमध्ये झालेल्या अभ्यासांत प्रशिक्षित परिचारिकांचे काम डॉक्टरांच्या तोडीचे ठरले होते. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या कायद्यातच बारा आठवड्यांपर्यंतचे काम प्रशिक्षित सुईणींकडे सोपवले. शेजारच्या नेपाळातही परिचारिका या गोळ्या देतात.

पीण्या वा बोम्मनहळ्ळीच्या कापड कारखान्यात शिलाईकाम करणाऱ्या बेळगाव-निपाणीकडच्या बाईसाठी हा वाद पुस्तकी नाही. तिला रजा घेऊन मोठ्या सरकारी रुग्णालयाची रांग धरावी लागते, कन्नड अर्जाचा अर्थ कोणाला तरी विचारावा लागतो आणि 'नवऱ्याची सही आणा' हे उत्तरही ऐकावे लागू शकते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा केवळ तिचीच संमती मागतो, हे तिला सांगणार कोण? तिच्या वस्तीजवळच्या 'नम्म क्लिनिक'मध्ये परिचारिका बसलेली असते. हा कायदा केंद्राचा असल्याने कर्नाटकाला परस्पर काही बदलता येत नाही. पण शहरातील या दवाखान्यांच्या डॉक्टरांना नियमांनुसार प्रशिक्षण देणे आणि परिचारिकेच्या अधिकाराचा प्रस्ताव दिल्लीकडे धाडणे, या दोन्ही गोष्टी राज्याच्या हातात आहेत. म्हैसाळचा धडा शिकलेल्या महाराष्ट्रानेही त्यात सूर मिसळायला हरकत नसावी. मात्र या वेळी प्रस्ताव केवळ नऊ आठवडे, केवळ गोळ्या आणि केवळ सरकारी सेवेतील परिचारिका, एवढाच हवा.

या गोळ्यांपैकी मिसोप्रोस्टॉल सहायक परिचारिकेला अपरिचित नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी हेच औषध देण्याची मुभा तिला खुद्द केंद्र सरकारने दिली आहे. गर्भपातासाठी तिने ते दिले, तर २००२ च्या दुरुस्तीनुसार शिक्षा किमान दोन आणि कमाल सात वर्षे सक्तमजुरीची.