‘चुकून मारला’ असे म्हणू नका

आपल्या हैदराबादेतल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. तिकडची वाईट बातमी आली की इकडे फोन सुरू होतात. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातल्या ओलेथ येथे एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या आपल्याच शहरातल्या ३२ वर्षांच्या अभियंत्याला गोळ्या घालून मारले, तेव्हाही तसेच झाले. मारणाऱ्याने त्याला इराणी समजले होते. त्या आठवड्यात बँकेत, देवळात, लग्नघरी मी एकच वाक्य ऐकले, “बिचारा चुकून मारला गेला.” मीही ते म्हटले.

अलीकडे एक जुना अमेरिकन माहितीपट पाहिला, तेव्हापासून हे वाक्य मला खटकते आहे. ‘हू किल्ड व्हिन्सेंट चिन?’ हे त्याचे नाव. क्रिस्टीन चॉय आणि रेने ताजिमा यांनी तो १९८७ साली केला. त्याला ऑस्करचे नामांकन होते आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला गेला.

हकीकत १९८२ सालची. डेट्रॉइटमध्ये मोटारींचे कारखाने मंदीत होते, हजारो कामगार घरी बसले होते आणि सगळा राग जपानी गाड्यांवर निघत होता. व्हिन्सेंट चिन हा २७ वर्षांचा चिनी वंशाचा तरुण, लग्न काही दिवसांवर आलेले. क्लबमध्ये भांडण झाले आणि रोनाल्ड एबन्स हा क्रायस्लर कारखान्यातला सुपरवायझर व त्याचा सावत्र मुलगा यांनी त्याला नंतर रस्त्यावर गाठले. एबन्सने बेसबॉलच्या बॅटने त्याचे डोके फोडले. लग्नाचे पाहुणे अंत्ययात्रेला आले.

मार्च १९८३ मध्ये न्यायाधीशांनी दोघांना शिक्षा दिली ती तीन वर्षांचे प्रोबेशन, प्रत्येकी ३,००० डॉलर दंड आणि ७८० डॉलर खर्च. तुरुंग एक दिवसही नाही. शिक्षेच्या वेळी सरकारी वकील कोर्टात नव्हते, मुलाच्या आईला कोणी बोलावले नव्हते. माझे आयुष्य आकडे मांडण्यात गेले, पण ३,७८० हा आकडा पाहून पेन खाली ठेवावेसे वाटले.

पुढे जे घडले ते आपण नीट पाहावे असे आहे. डेट्रॉइटच्या चिनी लोकांना एक सोपी वाट होती. “आम्ही जपानी नाही, आमच्यावर राग काढू नका,” एवढे म्हणून ते घरी बसू शकले असते. ते तसे बसले नाहीत. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो एकत्र आले आणि ‘अमेरिकन सिटिझन्स फॉर जस्टिस’ ही संस्था उभी राहिली. आई लिली चिन गावोगाव सभांतून बोलली. नागरी हक्कांचा केंद्रीय खटला उभा राहिला. १९८४ मध्ये एबन्सला २५ वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात रद्द झाली आणि १९८७ मध्ये फेरखटल्यात तो सुटला. म्हणजे कोर्टात ते हरले. पण पुढची पिढी एकत्र उभी राहायला तिथे शिकली. कॅन्ससच्या गुन्हेगाराला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. दोन खटल्यांमधला हा फरक आपोआप पडलेला नाही.

चिनला जपानी समजून मारले. १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोनातल्या मेसा येथे पेट्रोल पंपाचे मालक बलबीरसिंग सोढी यांना पगडी पाहून अरब समजून मारले. श्रीनिवासला इराणी समजून. बँकेच्या भाषेत सांगतो. रक्कम भलत्याच खात्याला नावे पडली, एवढीच आपली तक्रार असते. मुळात ती रक्कम कोणाच्याच खात्याला नावे टाकण्याचे कारण नव्हते, हे आपण बोलत नाही. ‘चुकून’ म्हणताना खरा इराणी मेला असता तर चालले असते, असा त्याचा अर्थ होतो.

दुसऱ्या तऱ्हेचे कार्यक्रमही अमेरिकेत भरपूर आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेला ‘कॉप्स’ घ्या. पोलिसांच्या गाडीतून कॅमेरा, पाठलाग, बेड्या, संपले. माणूस पुढे निर्दोष सुटला का, ते दिसत नाही. असले पाहून बाहेरून आलेला म्हणजे गुन्हेगार हे मनात बसते. टेक्सासच्या अटकांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटे दिसले. विनापरवाना राहणाऱ्या परदेशीयांचे गंभीर गुन्ह्यांतले अटकेचे प्रमाण तिथेच जन्मलेल्यांपेक्षा कमी होते.

२०१७ मध्ये आपल्या मुलांना सल्ले गेले होते की बाहेर आपली भाषा बोलू नका. माझा पुतण्या डॅलसला असतो. तो म्हणाला, “काका, दुकानात आईचा फोन आला की मी इंग्रजीत बोलतो.” मी त्याला बोल लावणार नाही. बंदूक त्याच्यासमोर येऊ शकते, माझ्यासमोर नाही. पण भाषा गिळून कोणी वाचत नाही. श्रीनिवासला गोळी लागली ती त्याचा चेहरा पाहून.

वाचकहो, आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तरी “मूळचे कुठले?” हा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. तरीही जुन्या शहरातल्या, नाहीतर काल कामाला आलेल्या परप्रांतीयाच्या वस्तीबद्दल आपण बसल्या बैठकीत काय बोलतो, ते आठवावे. माझी मंडळाला विनंती आहे की एखाद्या रविवारी सभागृहात हा माहितीपट लावावा. तरुणांना बोलवावेच, पण आपण ज्येष्ठांनी पुढच्या रांगेत बसावे. आणि नंतरच्या चहाला ‘चुकून’ हा शब्द कोणी वापरला, तर शेजाऱ्याने तिथेच टोकावे.