गुडघ्याची वाटी आणि शत्रुंजयाच्या पायऱ्या

सामायिकाची 48 मिनिटे पूर्ण होतात, कटासणे आवरले जाते आणि उठताना गुडघ्याच्या पुढच्या बाजूस कळ येते. पुष्कळजण लगेच ठरवून टाकतात, ‘गुडघे झिजले, आता यात्रा संपली.’ असा निर्णय करण्यापूर्वी गुडघ्याची वाटी कशी सरकते, हे समजून घेणे हिताचे आहे.

मांडीच्या पुढील स्नायूंच्या कंडरेत गुंफलेले लहानसे हाड म्हणजे ही वाटी. कप्पीमुळे ओझे उचलणे सोपे होते, तसे तिच्यामुळे पाय सरळ करण्यास कमी बळ लागते. पाय सरळ व सैल असता ती बोटांनी हलवता येते. गुडघा सुमारे 20 ते 30 अंश वाकला, की ती मांडीच्या हाडावरील खोबणीत शिरते आणि तिच्यातून खालीवर सरकते.

तिचा मूळ कल बाहेरच्या बाजूस घसरण्याचा. खोबणीचा बाहेरचा उंच काठ, आतील बाजूचा अस्थिबंध आणि मांडीच्या आतील अंगाचा स्नायू तिला आवरतात. पहिले दोन आपल्या हाती नाहीत. स्नायू मात्र आहे. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून तोच दुर्बळ होतो. कमरेच्या बाजूचे स्नायूही अशक्त असल्यास मांडी आत वळते आणि वाटीखालची खोबणीच जागा सोडते.

अशा गुडघ्यांनी पालीताण्यास शत्रुंजयाच्या 3,500 हून अधिक पायऱ्या एका दिवसात चढायच्या व उतरायच्या! सपाटीवर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा भार येतो; पायऱ्यांवर तो वजनाच्या तिपटीच्या आसपास जातो.

म्हणून तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करावी. उताणे निजून एक गुडघा दुमडावा, दुसरा पाय ताठ ठेवून वीतभर उचलावा, 5 सेकंद धरावा. असे 10 वेळा. मग कुशीवर वळून वरचा पाय तसाच उचलावा. उतरताना ईर्यासमितीचे स्मरण ठेवावे: दृष्टी खाली, पाऊल सावकाश. घाईने आदळणारे पाऊल जीवांनाही अपायकारक आणि गुडघ्यालाही.

वाटी निसटली, गुडघा सुजला वा अडकला, तर व्यायाम थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. तोवर सामायिक खुर्चीवर बसून करण्यात संकोच नसावा. समभाव आसनावर अवलंबून नसतो.