जमिनीपासून हातभर
गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी अंगण धुताना पाय सटकला आणि डावा खुबा मोडला. तिसऱ्या दिवशी धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. आपल्याकडे सगळे याला 'गोळा बदलला' म्हणतात आणि ते बरोबरच आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं काढून तिथं नवा गोळा बसवतात, कमरेच्या हाडात त्याची वाटी. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी 1962 साली पोलादी गोळा आणि टिकाऊ प्लास्टिकची वाटी ही जोडी जमवली. त्याआधीच्या त्यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या काही वर्षांतच झिजल्या होत्या. त्या झिजेचे कण शरीरात काय करतात ते कळावं म्हणून या माणसाने टेफ्लॉनची भुकटी स्वतःच्या मांडीत घालून घेतली. हे वाचलं आणि पलंगावर पडल्या पडल्या मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. "काकू, आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. घाई नका करू जी." वॉकरच्या एका पायाचं रबर फरशीवर कुरकुरत होतं. वॉकर पुढे, कुर्र. डावा पाय. उजवा पाय. खिडकी सहा पावलांवर होती. तिथे पोचले तेव्हा गाऊन घामाने पाठीला चिकटला होता आणि खाली रस्त्यावर रसवंतीचा घुंगरू वाजत होता. तो आवाज मी कितीतरी वेळ ऐकत उभी राहिले.

शेजारच्या पलंगावर भंडाऱ्याकडची जेमतेम सव्वीस वर्षांची मुलगी होती. ती कुठे पडली नव्हती. तिला सिकलसेल होता. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आधीच मोजक्या. रक्त तुटलं की हाड आतल्या आत मरतं आणि मग खचतं. चार वर्षं तिला 'वात आहे' म्हणून तेल चोळत ठेवलं होतं. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आपल्या पूर्व विदर्भाला तिची किती गरज आहे, हे मला त्या पलंगाशेजारी कळलं. सिकलसेलचं पोर लंगडायला लागलं किंवा जांघेत दुखतं म्हणालं, तर त्याच आठवड्यात त्याचा खुबा तपासला पाहिजे. तेल नंतर.

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती : उंच खुर्ची, उंच कमोड, जमिनीवर बसू नये. ती आम्हाला घरी निघताना वाचायला मिळाली. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस हातात होते, तेव्हा कोणी विचारलं नाही की घरी संडास कुठला आहे, पलंग किती उंच आहे. मुलगा संध्याकाळी कमोडची खुर्ची शोधत फिरला. शेजाऱ्यांनी पलंगाच्या पायांखाली विटा लावल्या. नवा सांधा निसटू नये म्हणून पहिले तीन महिने कमरेतून 90 अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आत वळवायचा नाही. झोपताना दोन पायांच्या मध्ये उशी. खुर्चीत माणसं वाढतात अशा घरात हे नियम सोपे असतील. आमचं सगळं जिणं जमिनीवरचं. पूजा पाटावर, भाजी निवडणं मांडी घालून, नातवंडांशी पत्ते चटईवर. पायाचं दुखणं मला सोसवलं. हातातून निसटलेली हळकुंडाची कांडी समोर पडलेली दिसते आणि ती उचलता येत नाही, तेव्हा मात्र डोळ्यांत पाणी आलं.

आता मे आहे. दुपारी वाळ्याच्या ताट्या ओल्या करून कूलर सुरू होतो आणि खोलीत पावसाचा वास येतो. गच्चीवर जावा कुरड्या घालून राहिल्या आहेत. चिकाची परात त्यांनी माझ्यासाठी खाली आणली. मी खुर्चीतूनच चीक चाखला आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. देवघर सुनेने भिंतीवर माझ्या छातीइतक्या उंचीला बसवून घेतलं. पहिल्यांदा देवांसमोर उभं राहून दिवा लावला, तर बाळकृष्णाचा चेहरा इतक्या जवळून मी कधी पाहिलाच नव्हता.

माझा सागवानी पाट, सासूबाईंच्या लग्नातला, सून माळ्यावर ठेवणार होती. परवा फिजिओथेरपीवालीने तो मागून घेतला, खालीवर करून पाहिला, भिंतीला टेकवून पक्का बसवला आणि वॉकर माझ्या हातात दिला. पायऱ्यांचा सराव तीन बोटं उंचीपासूनच सुरू करायचा म्हणाली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मी मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागितली आणि उजवा पाय पाटावर ठेवला.