बेटावरचे फोटो आणि कोर्टातला पुरावा

सातारा-सांगलीच्या लग्नसराईत नवे खूळ शिरले आहे. गावचा मांडव नको, मंगल कार्यालय नको. अंदमान नाहीतर मालदीवच्या समुद्रकाठी लग्न लावायचे आणि फोटोग्राफर इथून विमानाने न्यायचा. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने कुठे लग्न लावावे हे सांगणारे आम्ही कोण? पण त्याचे पाहून माण, जत, आटपाडीकडचा बाप कर्ज काढू लागला की बोलावे लागते. शिवाय आम्ही वकिली करतो आणि हे अल्बम आमच्याकडे फार उशिरा येतात.

नवऱ्याने दुसरा घरोबा केला म्हणून बाई येते. तिचे स्वतःचे लग्न आधी शाबीत करावे लागते, मग नवऱ्याचे दुसरे. पुरावा विचारला की ती अल्बम पुढे करते. त्यात लाटा आहेत, मावळता सूर्य आहे, पाठमोरे चालणारे जोडपे आहे. विधी कुठे आहे? साक्षीदार कुठे आहेत? १९६५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी शाबीत झाले नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला द्विभार्येच्या गुन्ह्यातून सोडले. एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालाच नसेल तर नोंदणीच्या नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, हे आमच्यातल्या अनेकांच्या अजून गळी उतरत नाही. मात्र कलम ७ प्रमाणे वधू किंवा वराच्या रूढीचा विधी चालतो. बाबासाहेबांनी डिसेंबर १९५६ च्या पत्रात सांगितलेला विधी पाहा: पाण्याने भरलेले नवे मडके, त्यात सोडलेले सूत, त्याची दोन टोके दोघांच्या हाती, मंगलसुत्त आणि पांढरी वस्त्रे. याला समुद्र कशाला हवा?

बरे, फोटो आहेत असे धरू. ते मोबाईलवर किंवा पेनड्राईव्हवर असतात. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम ६५ ब होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे. प्रमाणपत्राशिवाय अशा प्रती अडतात. ते द्यायला फोटोग्राफर सापडला पाहिजे. विट्याचा सापडेल, पॅकेजमधला बेटावरचा कुठे शोधणार?

मालदीवमध्ये तर मुस्लिमेतर पर्यटकांचे समुद्रकाठचे लग्न हा कायद्याने नुसता देखावा. २०१० साली तिथल्या एका रिसॉर्टवर युरोपीय जोडप्याच्या शपथविधीत पुढचा माणूस गंभीर चेहऱ्याने स्थानिक भाषेत चक्क शिव्या देत होता. फोटोत तो आशीर्वादच दिसला असता. चित्रफितीमुळे बिंग फुटले.

वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात होते तेव्हा, १९४३ नंतर, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात खर्च आणि मानपान टाळून ‘गांधी लग्ने’ लावली. त्यांचे अल्बम नसतील, पण लग्न सगळ्या गावाने पाहिलेले असे.

हौस असलेल्यांना आमचे सांगणे एवढेच की आधी विवाह अधिकाऱ्याकडे जा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्या, तीन साक्षीदार न्या. तिथला दाखला कलम १३ प्रमाणे लग्नाचा निर्णायक पुरावा ठरतो. मग खुशाल बेटावर जा. ते करायचे नसेल तर विधी चालू असताना सर्वांचे चेहरे दिसतील असे चार फोटो काढायला लावा, मूळ फाईल मुलीच्या माहेरी ठेवा आणि फोटोग्राफरचा पत्ता लिहून घ्या.